कढीपत्ता : कोवळा बरा की जून?

कोथिंबीर, मिरच्या, आले घेतले की भाजीवाली पिशवीत वरून कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकते. पुष्कळदा त्याचे वेगळे पैसेही मागत नाही. घरी आल्यावर या काड्यांची पाने फोडणीत पडतात आणि जेवताना ताटाच्या कडेला जाऊन बसतात. गरज संपल्यावर एखाद्याला दूर केले, की 'आमटीतल्या कढीपत्त्यासारखे बाजूला काढले' असे म्हणायची पद्धत आहे, ती यावरूनच.

गेल्या काही वर्षांत मात्र याच पानाला औषधाचा भाव आला आहे. सकाळी अनशेपोटी दहा पाने चावून खाल्ली की साखर उतरते, पावडर घेतली की रक्त वाढते, कॅल्शियमच्या गोळ्यांची गरज राहत नाही, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. कुणी बाल्कनीतल्या कुंडीतली पाने खुडते, कुणी शंभर ग्रॅम पावडरचे पाकीट आणते. या सगळ्यात एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पाने कोणती? शेंड्याची पोपटी, लुसलुशीत पाने, की खालच्या फांदीवरची गडद हिरवी, चावताना चिवट लागणारी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. पानाचे वय बदलते तसे त्याच्या आतले सामान बदलते, आणि सगळे सामान एकाच दिशेने बदलत नाही. काही घटक पान कोवळे असताना भरपूर असतात आणि पुढे विरळ होत जातात, तर काही पान जून होईपर्यंत साठतच राहतात. त्यामुळे 'कढीपत्त्यात अमुक इतके असते' हे वाक्य अर्धवट आहे.

आधी एक छोटी दुरुस्ती. ज्याला आपण कढीपत्त्याचे पान म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात पान नव्हेच, ती पर्णिका. ज्याला आपण काडी किंवा डहाळी म्हणतो, ते सबंध एक संयुक्त पान. त्यावर दहा-अकरापासून वीस-पंचवीसपर्यंत पर्णिका असतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एका काडीवरची सगळी 'पाने' जवळपास एकाच वयाची असतात. कोवळे आणि जून यांतला फरक पाहायचा, तर एकाच काडीवरची पाने तपासून उपयोग नाही. फांदीच्या शेंड्याची काडी आणि तिच्या चार-पाच काड्या खालची काडी शेजारी ठेवावी. रंग, जाडी, वास आणि मोडताना होणारा आवाज, सगळेच वेगळे असते.

कढीपत्ता, कढीलिंब किंवा विदर्भातला गोडनिंब हा नावाने कडुनिंबाचा भाऊबंद वाटतो, पण त्याचे गणगोत लिंबू, संत्रे आणि बेल यांचे. या कुळाची खूण म्हणजे पानातल्या तेलग्रंथी. कढीपत्त्याचे पान उजेडासमोर धरले, की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे सुगंधी तेलाची एक इवलीशी कुपी. पान चुरगळल्यावर येणारा घमघमाट या कुप्या फुटल्याचा असतो. पायनिन, सॅबिनिन, फेलॅन्ड्रिन, कॅरिओफायलिन ही त्या तेलातल्या मुख्य द्रव्यांची नावे. त्यांचे आपसातले प्रमाण झाडागणिक आणि प्रदेशागणिक बदलते, म्हणून एका गावचा कढीपत्ता दुसऱ्या गावच्या कढीपत्त्यासारखा वास देत नाही.

या ग्रंथींची पायाभरणी पान अगदी कोवळे असतानाच होते. पुढे पान पसरते, ग्रंथीही थोड्या मोठ्या होतात, पण त्यांच्यातले अंतर वाढत जाते. फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवावा, तसा हा प्रकार. म्हणून पूर्ण वाढलेल्या पानात एकूण तेल जास्त असले, तरी वजनाच्या हिशेबात ते कोवळ्या पानापेक्षा विरळ असू शकते.

तेल बनण्याची वेळही ठरलेली असते. पुदिन्याच्या जातकुळीतल्या पेपरमिंटवर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 2000मध्ये प्रसिद्ध केलेले काम या बाबतीत फार बोलके आहे. पान साधारण 12 ते 20 दिवसांचे असताना, म्हणजे ते झपाट्याने पसरत असतानाच, त्यात सुगंधी तेल बनते, असे त्यांना दिसले. त्यानंतर कारखाना जवळपास बंद होतो. पुढे जे होते ते साठवलेल्या मालातले फेरफार. कोवळ्या पानातल्या मेन्थोनचे जून पानात मेन्थॉल होते. म्हणजे एकाच झाडावर, एकाच हवेत, केवळ वयाच्या फरकाने पानाचा वास आणि गुण बदलतो. कढीपत्त्याची रसायने वेगळी आहेत, पण वाढत्या पानाचा संसार याच धर्तीवर चालतो.

चहाचे उदाहरण तर रोजच्या कपातले. चहामळ्यात 'दोन पाने आणि एक कळी' एवढेच खुडतात, ते केवळ परंपरा म्हणून नव्हे. कॅफिन आणि कॅटेचिन ही द्रव्ये कळीत आणि पहिल्या पानांत सर्वाधिक असतात, खालच्या पानांत कमी होत जातात. चौथे-पाचवे पान खुडले तर चहा होईल, पण त्याला तो भाव मिळणार नाही.

झाड असे का करते? कोवळे पान मऊ असते, त्यात नत्र भरपूर असते, आणि कुरतडणाऱ्या किड्याच्या दृष्टीने ती मेजवानीच असते. जून पानाला जाड त्वचा आणि तंतू यांचे चिलखत मिळते. कोवळ्या पानाकडे ते नसते, म्हणून झाड तिथे रासायनिक पहारा बसवते. अल्कलॉइड, फिनॉल, टॅनिन, उग्र तेले ही सगळी त्या पहाऱ्यातली हत्यारे. आंब्याची किंवा पिंपळाची पालवी सुरुवातीला तांबूस दिसते, ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. नव्या पानाला कडक उन्हापासून जपण्यात त्याचा हातभार असतो, असे मानले जाते. आपण ज्यांना 'अँटिऑक्सिडंट' म्हणून डोक्यावर घेतो, ती द्रव्ये बव्हंशी झाडाच्या या संरक्षण खात्यातली आहेत. आपल्या यकृताची किंवा केसांची काळजी झाडाला नाही.

गंमत अशी, की पहारा कितीही कडक असला तरी एक पाहुणा हमखास आत शिरतो. कुंडीत कढीपत्ता लावलेल्या बहुतेकांनी तो पाहिला आहे. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा एक काळपट-पांढरा ठिपका दिसतो आणि काही दिवसांनी तिथे जाडजूड हिरवी अळी असते. हे कॉमन मॉरमॉन किंवा लिंबाच्या फुलपाखराचे बाळ. या फुलपाखराची मादी पुढच्या पायांनी पानावर टपटप करून चक्क चव घेते. जी रसायने इतर किड्यांना पळवतात, त्यांच्यावरून ती झाड ओळखते, आणि अंडे घालते ते बहुधा कोवळ्या पालवीवर. तिच्या पिल्लाला तेच पान चावता येते.

कढीपत्त्याची खासियत समजली जाणारी अल्कलॉइडे म्हणजे कार्बाझोल गटातली द्रव्ये. या गटाचा शोधच मुळात या झाडापासून सुरू झाला. कोलकात्याचे रसायनशास्त्रज्ञ डी. पी. चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965मध्ये कढीपत्त्याच्या खोडाच्या सालीतून मुर्रायानिन वेगळे केले. वनस्पतीतून मिळालेले ते पहिले कार्बाझोल अल्कलॉइड. त्यानंतर महानिंबिन, गिरिनिंबिन, कोएनिंबिन अशी रांगच लागली. नावे परकी वाटली तरी त्यांत आपला 'निंब' बसलेला आहे. त्यातला 'कोएन' आला तो कोएनिग यांच्याकडून. लिनियसचे हे शिष्य अठराव्या शतकात तमिळ किनाऱ्यावर वनस्पती गोळा करत हिंडले आणि झाडाच्या शास्त्रीय नावात कायमचे राहिले.

प्रयोगशाळेत या द्रव्यांनी बऱ्याच करामती दाखवल्या आहेत. जिवाणूंची वाढ रोखणे, उंदरांची रक्तशर्करा उतरवणे, बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारणे, अशा नोंदी शोधनिबंधांत भरपूर सापडतात. पण त्यांतल्या बहुतेक प्रयोगांत वापरतात तो अर्क. किलोभर पाने अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवून, आटवून काढलेला. फोडणीतल्या आठ पानांशी त्याचे नाते दूरचे. शिवाय अर्क कोणत्या पानांचा, हा प्रश्न उरतोच. मलेशियात 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या तीन भागांतला कढीपत्ता तपासला, तेव्हा उत्तरेकडच्या केलांतानच्या पानांत फ्लेवोनॉइड आणि फिनॉल सर्वाधिक निघाले. जात तीच, नुसती जागा बदलली. त्यात पानाचे वय, तोडणीचा हंगाम, वाळवण्याची तऱ्हा यांची भर घातली, की दोन अर्कांची तुलना करणे किती जिकिरीचे आहे ते कळते.

आता नाण्याची दुसरी बाजू, म्हणजे जून पान. कोवळ्या पानाचे एवढे गुण गायल्यावर जून पान टाकाऊ वाटेल, पण कॅल्शियमची गोष्ट आली की डाव उलटतो. कॅल्शियम मुळांकडून पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानात येते. पाणी वाफ होऊन उडून जाते, कॅल्शियम मागे राहते आणि एकदा बसले की सहसा हलत नाही. नत्र आणि पोटॅशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते, कॅल्शियमचे तसे करता येत नाही. त्यामुळे पान जितके दिवस झाडावर, तितके त्यात कॅल्शियम अधिक. तंतूंचेही तसेच. पान पोपटीचे गडद हिरवे होते तेव्हा त्यातले हरितद्रव्य वाढलेले असते आणि त्याच्या जोडीने बीटा-कॅरोटिनही. अ जीवनसत्त्वाचा हा कच्चा माल हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो, एवढेच. पान पिवळे पडू लागले, की मात्र झाड त्यातले नेण्याजोगे सगळे काढून घेत असते. अशी पाने निवडून टाकलेलीच बरी.

म्हणजे कॅल्शियम आणि कॅरोटिनसाठी जून पान? तिथेही एक मेख आहे. पानातले काही कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांत अडकलेले असते आणि तसे अडकलेले कॅल्शियम आतड्यातून फारसे शोषले जात नाही. तपासणीच्या यंत्राला ते दिसते, हाडांपर्यंत पोहोचत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटकांची कोष्टके या विषयात प्रमाण मानली जातात. त्यांच्या जुन्या कोष्टकात, जे वर्षानुवर्षे आहारतज्ज्ञांच्या टेबलावर होते, 100 ग्रॅम कढीपत्त्यात 830 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 0.93 मिलिग्रॅम लोह दिलेले आहे. 2017च्या नव्या कोष्टकात कॅल्शियम साडेसहाशेच्या आसपास आले आणि लोह साडेआठ मिलिग्रॅमच्या पुढे गेले. लोहाचा आकडा जवळजवळ नऊपट! यात कुणी चूक केली असे समजायचे कारण नाही. नमुने वेगळे, जमीन वेगळी, तपासणीची पद्धत वेगळी. पानावर बसलेली मातीची धूळ नीट धुतली गेली नाही, तरी पालेभाजीतले लोह फुगून दिसते. आणि कोष्टकात पानाच्या वयाचा वेगळा रकाना नसतो.

आकडा कोणताही घेतला तरी फोडणीचा हिशेब फारसा बदलत नाही. दहा-बारा पानांचे वजन फार तर एक-दोन ग्रॅम. दोन ग्रॅम पानांतून नव्या कोष्टकाप्रमाणे लोह मिळते सुमारे 0.17 मिलिग्रॅम, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सुचवलेली रोजची मात्रा आहे 29 मिलिग्रॅम. कॅल्शियम मिळते 13 मिलिग्रॅम, गरज 1000ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के, स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांच्यातल्या एखादीने डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी बंद करून पाने चावायला घेतली, तर पाने कोवळी होती की जून, याने काहीच फरक पडणार नाही. नुकसान ठरलेले आहे.

पावडरच्या पाकिटावरचे आकडे आणखी भुलवतात. ताज्या पानात साधारण दोनतृतीयांश पाणी असते. ते काढून टाकले, की प्रत्येक घटकाचा शंभर ग्रॅममागचा आकडा जवळपास तिप्पट होतो. पानात नवे काही आले नाही, पाणी तेवढे गेले. उलट कडक उन्हात वाळवलेल्या पानांतले सुगंधी तेल उडालेले असते आणि कॅरोटिनही बरेच नासलेले असते. हिरवी राहिलेली पावडर सावलीत वाळवलेली असण्याचा संभव जास्त. तपकिरी पडलेली पावडर घेण्यात अर्थ नाही.

मधुमेहाबाबत एक जुना अभ्यास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 1990मध्ये अय्यर आणि मणी या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात इन्शुलिनवर अवलंबून नसलेल्या 30 मधुमेहींना महिनाभर कढीपत्त्याची पावडर आहारातून दिली होती. त्यातून दिवसाला अडीच ग्रॅम तंतू मिळत होते. पंधराव्या दिवशी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर थोडी उतरलेली दिसली, पण ती घट तात्पुरती ठरली. रक्तातल्या प्रथिनांवर चढलेल्या साखरेचे प्रमाण, ज्यावरून दीर्घकाळच्या नियंत्रणाचा अंदाज येतो, त्यात लक्षणीय फरक पडला नाही. कोलेस्टेरॉलही हलले नाही. संदेशांमधून फिरतो तो पंधराव्या दिवसाचा निकाल, महिन्याअखेरचा नाही. जेवणात भरपूर कढीपत्ता खाणाऱ्या मधुमेहींनी तो खुशाल खावा. गोळ्या कमी करायच्या असतील तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

मग स्वयंपाकघरात काय करावे? आपल्या जुन्या पद्धतींत यातले पुष्कळसे आधीपासूनच बसलेले आहे. फोडणीत गरम तेलात पान पडते तेव्हा तेलग्रंथी तडतडून फुटतात. वास घरभर पसरतो तो उडून गेलेल्या भागाचा, पण बराचसा ऐवज फोडणीच्या तेलात उतरतो. कार्बाझोल अल्कलॉइडे पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळणारी आहेत. म्हणजे ज्यात कोवळे पान वरचढ असते, ते बरेचसे तेलातून आमटीत येते, पान बाजूला काढले तरी. जून पानाची मिळकत मात्र, म्हणजे कॅल्शियम, तंतू आणि बरेचसे कॅरोटिन, पानातच राहते आणि ताटाच्या कडेवरून थेट खरकट्यात जाते.

त्यासाठी कढीपत्त्याची सुकी चटणी हा जुना आणि नामी उपाय. जून पाने सावलीत सुकवून, थोड्या तेलावर कुरकुरीत करून तीळ, सुके खोबरे, लसूण, मिरची यांच्याबरोबर कुटली, की चिवटपणा उरत नाही आणि तिळा-खोबऱ्यातल्या स्निग्धांशामुळे कॅरोटिन शोषले जायलाही मदत होते. शिवाय कॅल्शियमच्या बाबतीत त्या चटणीतले तीळच पानांपेक्षा जास्त काम करत असतात, पण श्रेय कढीपत्त्याला जाते! कोवळी पाने ताकाच्या कढीत, कोशिंबिरीवरच्या फोडणीत, दह्यातल्या चटणीत घालावीत. ती चावून खाता येतात, दाताखाली रेंगाळत नाहीत.

बाजारातल्या कोवळ्या पानांबाबत मात्र एक सावधगिरी हवी. किडे कोवळ्या पालवीवर येतात, म्हणून फवारणीही तिथेच होते. लिंबूवर्गीय झाडांवरच्या सिला या तुडतुड्यासारख्या किडीची पिल्ले तर नव्या फुटीवरच वाढतात. भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यात कीटकनाशकांचे अंश सापडत राहिल्याने युरोपीय संघाने त्याला वाढीव तपासणीच्या यादीत टाकले होते. अमेरिकेत तर सिला किडीबरोबर संत्र्यांचा ग्रीनिंग रोग येईल या धास्तीने ताज्या कढीपत्त्याच्या आयातीवरच निर्बंध आहेत. तिकडच्या मराठी घरांत कुंडीतले कढीपत्त्याचे रोप लेकरासारखे जपले जाते, त्याचे एक कारण हे. इथे घरी आणलेली पाने काडीवरून काढून, भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुवावीत. वरचे अंश आणि धूळ त्याने कमी होते, सगळे जात नाही. अनशेपोटी मूठभर कच्ची पाने चावणाऱ्यांनी हे विसरू नये.

कुंडीतल्या झाडाचा फायदा इथेच. पान कोणत्या वयाचे खुडायचे ते आपल्या हातात राहते. फवारणी नसते. शेतकरी दर दोन-तीन महिन्यांनी फांद्या छाटतात आणि कळ्या दिसल्या की खुडतात, कारण फुलोरा आला की झाडाचा जोर पानांकडून बियांकडे वळतो. घरीही तेच करावे. सुटी पाने ओरबाडण्याऐवजी शेंड्याकडची अख्खी काडी कात्रीने कापली, की खालचे डोळे जागे होतात आणि एकाच्या जागी दोन फुटवे येतात. थंडीत घाटमाथ्यावरच्या गावांत झाड सुस्तावते, पाने पिवळी पडून गळतात. तेव्हा ते मेले असे समजून उपटू नये. ऊन चढू लागले, की पोपटी पालवी फुटते, आणि पाठोपाठ फुलपाखराची मादी पाय टेकवून चव बघायला येतेच.